पाळीपासून पाळण्यापर्यंत



काही दिवसांपूर्वी रविवारच्या मिस्सेनंतर एक आजी माझ्याकडे आल्या. सून गरोदर आहे, चौथा महिना. आजी म्हणाल्या, "फादर, माह्या सुनेसाठी प्रार्थना करा. दोन पोरी झाल्या. या खेपेला तरी तिनं पोरगं द्यावं."

मी म्हणालो, "आजी, प्रार्थना जरूर करतो. पण मुलगा होणार की मुलगी हे सुनेमुळं ठरत नाही. ते तुमच्या मुलाच्या बीजावरून ठरतं, आणि तेही त्याच्या हातात नसतं."

आजींनी मला खालीवर पाहिले आणि म्हणाल्या, "फादर, तुम्हाले काय माहीत? तुमचं कुठं लगन झालं?"

आजूबाजूचे सगळे हसले, मीही हसलो. आजींचे म्हणणे खोटे नव्हते. मला ना पाळीचा अनुभव, ना बाळंतपणाचा, ना बाप होण्याचा. पण एक गोष्ट मी रोज पाहतो. या विषयावर आपल्या घरांत कोणी कोणाशी बोलत नाही, आणि न बोलल्यामुळे जे दुःख होते ते शेवटी माझ्यासमोर येऊन बसते. दोन मुली झाल्या म्हणून टोमणे खाणारी सून येते. पहिल्यांदा रक्त पाहून आपल्याला मोठा आजार झाला असे समजून रडणारी मुलगी येते. लग्नाला दोन वर्षे झाली नाहीत तोच "वांझ" हा शब्द ऐकणारी बाई येते. म्हणून यावेळच्या पाठासाठी मी हा विषय घेतला आहे. शरीराची माहिती दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टरांकडून तपासून घेतली आहे. आजींची परवानगीही घेतली आहे. हा पाठ घरात मोठ्याने वाचायला हरकत नाही. लाजण्यासारखे यात काही नाही.

१. पाळी म्हणजे काय?

स्त्रीच्या ओटीपोटात मुठीएवढे गर्भाशय असते. त्यालाच आपण पिशवी म्हणतो. पिशवीच्या दोन्ही बाजूंना दोन नलिका आणि दोन बीजकोश असतात. बीजकोशात स्त्रीबीजे असतात. ही बीजे मुलगी वयात आल्यावर तयार होत नाहीत. ती आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजकोशात तयार झालेली असतात. जन्माच्या वेळी ती दहा ते वीस लाख असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि साऱ्या आयुष्यात त्यांतली साधारण चारशे ते पाचशेच पक्व होऊन बाहेर पडतात. याचा अर्थ असा की ज्या बीजापासून तुम्ही झालात, ते बीज तुमची आई तुमच्या आजीच्या पोटात होती तेव्हाच तयार झाले होते. आईच्या आईशी आपले नाते इतके जुने आहे.

मुलगी साधारण बारा-तेरा वर्षांची झाली की पाळी सुरू होते. नवव्या वर्षी आली किंवा पंधराव्या वर्षी आली तरी बहुतेक वेळा ते ठीकच असते. मेंदूच्या तळाशी पियुषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. तिच्या संदेशाने दर महिन्याला एक बीज पक्व होऊ लागते. त्याच वेळी पिशवीच्या आतल्या बाजूला रक्ताने भरलेला मऊ थर चढू लागतो. पाहुणा येणार म्हणून आपण घर सारवतो, अंथरूण घालून ठेवतो, तसेच हे आहे. बीज बाहेर पडते, नलिकेत येते आणि बारा ते चोवीस तास जगते. तेवढ्यात पुरुषबीजाशी त्याची गाठ पडली नाही तर पाहुणा येत नाही. मग साधारण चौदा दिवसांनी तो थर सुटतो आणि रक्तावाटे बाहेर पडतो. हीच पाळी. लगेच पुढच्या महिन्याची तयारी सुरू होते.

मोठ्या बाईच्या एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ३५ दिवस लागू शकतात. अठ्ठावीस ही फक्त सरासरी आहे. रक्तस्राव दोन ते सात दिवस असतो. साऱ्या पाळीत मिळून जाणारे रक्त साधारण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे असते. सुरुवातीची एक-दोन वर्षे मुलींची पाळी मागेपुढे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान पाळी कायमची थांबते.

मात्र काही गोष्टी अंगावर काढू नयेत. पाळी सात दिवसांहून जास्त चालली, तासा-दोन तासाला कपडा बदलावा लागला, मोठ्या गाठी पडू लागल्या, शाळा किंवा काम बुडेल इतके पोट दुखले, अंगावरून दुर्गंधीचे पांढरे जाऊ लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. पाळी बंद झाल्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा रक्त दिसले, तर एक दिवसही थांबू नये.

२. विटाळ कशाचा?

वरची माहिती वाचल्यावर मला सांगा, यात अशुद्ध काय आहे? जो थर बाळाला अंथरूण म्हणून घातला होता, तोच बाहेर आला. ज्या रक्ताच्या आधाराने आपण सगळे वाढलो, ते रक्त विटाळाचे कसे?

हा दोष फक्त शेजाऱ्यांचा आहे असे आपण समजू नये. आपल्या जुन्या करारातही, लेवीय या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात, पाळीच्या बाईला सात दिवस अशुद्ध धरण्याचा नियम आहे. पण मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली बाई आठवा. बारा वर्षे तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. सारा पैसा वैद्यांवर गेला होता. त्या नियमाप्रमाणे ती कोणाला शिवूही शकत नव्हती. ती गर्दीतून आली आणि प्रभूच्या वस्त्राला शिवली. प्रभूने अंग चोरले नाही. सर्वांसमोर तिला मुलगी म्हणून हाक मारली. त्या दिवसापासून ख्रिस्ती घरात हा प्रश्न मिटायला हवा होता.

तरीही आपल्या धर्मग्रामात काही मुली पाळीच्या दिवसांत मिस्सेला येत नाहीत, आल्या तर मागे बसतात आणि कम्युनियन घेत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी स्पष्ट लिहितो: चर्चमध्ये असा कोणताही नियम नाही. या, पुढे बसा, वाचन करा, गायनात उभ्या राहा. घरातही वेगळे ताट, वेगळे अंथरूण नको. पाळीच्या कापडाचेही तसेच आहे. लाजेने ते अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातले की ओल राहते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. उन्हाला लाज नसते.

न बोलण्याची किंमत किती मोठी असते याचा पुरावा आपल्याच विदर्भात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापून आले. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक किंवा अधिक आजार होते, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात केवळ ८ होत्या. गावात आजार घरोघरी होता, पण बोलणारी एकही नव्हती.

३. गर्भ कसा राहतो?

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा ॲरिस्टॉटल हा आमचा मोठा गुरू होता. इतका मोठा माणूस, पण या बाबतीत चुकला. त्याचे म्हणणे असे की बाळाला आकार देणारी शक्ती पुरुषाकडून येते, स्त्री फक्त कच्चा माल पुरवते. संत थॉमस अक्वायनस यांनीही त्याचेच ऐकले. आपल्या देशातही तोच विचार वेगळ्या शब्दांत आहे: पुरुष म्हणजे बी, स्त्री म्हणजे वावर. वावराचे पीक कोणाचे? तर ज्याने बी पेरले त्याचे. या एका समजुतीवर किती अन्याय उभे राहिले!

सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा ओळखले ते कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने, १८२७ साली. त्यानंतर हळूहळू खरे चित्र समोर आले. स्त्री म्हणजे नुसते वावर नाही. बी दोघांचे असते, अर्धे आईचे, अर्धे बापाचे. आपल्या शरीराच्या पेशींत ४६ गुणसूत्रे असतात. स्त्रीबीजात २३ आणि पुरुषबीजात २३ असतात. दोन्ही मिळून पुन्हा ४६ होतात. त्याशिवाय नऊ महिने पोसण्याचे काम आईचे, ते वेगळेच.

पती-पत्नीच्या संबंधातून कोट्यवधी पुरुषबीजे पिशवीच्या दिशेने निघतात. त्यांतली थोडीच नलिकेपर्यंत पोहोचतात आणि एकच स्त्रीबीजात शिरते. त्या क्षणी दारे बंद होतात, दुसऱ्याला प्रवेश नाही. हे मीलन पिशवीत नव्हे, नलिकेत होते. मग ती एक पेशी दोन होते, दोनाच्या चार, चाराच्या आठ, आणि सरकत सरकत पिशवीत येते. मीलनानंतर साधारण सहा ते दहा दिवसांत ती त्या मऊ थरात रुजते. रुजल्यावर शरीराला संदेश जातो की आता थर सोडू नका. म्हणून पाळी चुकते. लघवीच्या तपासणीत सापडतो तो हाच संदेश.

पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकते, स्त्रीबीज एक दिवस. म्हणून महिन्यात गर्भ राहू शकेल असे दिवस साधारण सहाच असतात. ते पाळीच्या आगेमागे नसून मधल्या काळात असतात. बीज पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी सुटते. हे विसाव्या शतकात जपानचे डॉ. ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांनी दाखवून दिले. त्या दिवसांत योनीतला ओलावा अंड्याच्या कच्च्या पांढऱ्यासारखा चिकट आणि निसरडा होतो. ऑस्ट्रेलियातील बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने हीच खूण धरून आपली पद्धत बसवली. पोप सहावे पॉल यांनी २५ जुलै १९६८ रोजी काढलेल्या 'ह्युमाने व्हिटे' या विश्वपत्रापासून चर्च दांपत्यांना सांगत आले आहे की दोन मुलांत अंतर ठेवायचे तर या नैसर्गिक दिवसांच्या आधाराने ठेवावे. पण नुसत्या कॅलेंडरवर विसंबू नका. पाळी मागेपुढे होत असेल तर हिशेब चुकतो. खुणा शिकून घ्याव्या लागतात, रोज पाहाव्या लागतात, आणि नवऱ्याने संयम पाळावा लागतो. तो पाळणार नसेल तर पद्धत चालत नाही, आणि मग दोष बायकोला देऊ नये.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर तपासणी दोघांची व्हावी. कारण बायकोत असू शकते, नवऱ्यात असू शकते, दोघांतही असू शकते. नवऱ्याची तपासणी सगळ्यांत सोपी, सुई-चाकू न लागणारी. तरी आपल्याकडे बायको पाच दवाखाने आणि दहा बाबा फिरून येते, मग नवरा एकदाचा तयार होतो. हे उलटे करा.

४. मुलगा की मुलगी?

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. २३ पैकी एक गुणसूत्र मुलगा-मुलगी ठरवते. स्त्रीच्या प्रत्येक बीजात ते एकाच प्रकारचे असते, त्याला एक्स म्हणतात. पुरुषाच्या बीजांत साधारण निम्म्यांत एक्स आणि निम्म्यांत वाय असते. एक्सवाले बीज पोहोचले तर मुलगी, वायवाले पोहोचले तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स या संशोधक बाईंनी १९०५ साली किड्यांच्या अभ्यासातून हे दाखवले. माणसातही नियम तोच आहे. बाईकडे वाय नसतेच, ती देणार कुठून? आणि कोणते बीज पुढे जाईल हे पुरुषालाही ठरवता येत नाही. त्यामुळे दोष कोणाचाच नाही. पण टोमणे मारायचेच असतील, तर निदान पत्ता तरी बरोबर असावा.

आपला जिल्हा जिजाऊंचा आहे. सिंदखेडराजाला १२ जानेवारी १५९८ रोजी एक मुलगी जन्मली, म्हणून महाराष्ट्राला शिवाजी मिळाला, हे आपण दर वर्षी अभिमानाने सांगतो. त्याच बुलढाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९०८ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८५५. निसर्गतः जन्मणाऱ्या मुली मुलग्यांपेक्षा थोड्याच कमी असतात, इतक्या कमी नसतात. उरलेल्या कुठे गेल्या हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. गर्भलिंग तपासणीवर कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्यासाठी देशात पहिल्यांदा कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ पासून तो अधिक कडक झाला. सांगणारा डॉक्टर गुन्हेगार ठरतो, तसेच विचारायला लावणारे घरचेही. खूण करून सांगितले तरी गुन्हाच. आणि आपल्यासाठी कायद्याच्याही आधी पाचवी आज्ञा आहे.

५. नऊ महिने

चर्चचे कॅलेंडर कधी या नजरेने पाहिले आहे का? २५ मार्चला गॅब्रिएल दूताच्या निरोपाचा सण, २५ डिसेंबरला नाताळ: बरोबर नऊ महिने. ८ डिसेंबरला पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण, ८ सप्टेंबरला तिचा जन्मदिवस: पुन्हा नऊ महिने. अलिशिबेला सहावा महिना लागला तेव्हा मरियेला निरोप आला, म्हणून योहान बाप्तिस्ताचा जन्मदिवस २४ जूनला, नाताळच्या सहा महिने आधी. गर्भारपणाचे महिने मोजूनच आपले सण बसवले आहेत.

डॉक्टरांची मोजणी मात्र थोडी वेगळी आहे, आणि ती न कळल्याने मोडता मोडता राहिलेला एक संसार मी पाहिला आहे. कामासाठी बाहेरगावी राहणारा एक तरुण संतापून माझ्याकडे आला. सोनोग्राफीच्या कागदावर गर्भ आठ आठवड्यांचा लिहिला होता, आणि तो तर सहा आठवड्यांपूर्वी गावी आला होता. त्याच्या डोक्यात संशय शिरला होता. बायको शपथा घेत होती, कोणी ऐकत नव्हते. खरी गोष्ट अशी की डॉक्टर गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तेवढीच तारीख बाईला नक्की ठाऊक असते. गर्भ त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी राहतो. म्हणजे कागदावरचे आठ आठवडे हे खरे सहाच. हिशेब तंतोतंत जुळत होता. त्याला डॉक्टरांकडे नेले, त्यांनी समजावले, आणि तो रडला. प्रत्येक नवऱ्याने हा एक परिच्छेद तरी लक्षात ठेवावा.

बाळंतपणाची तारीख काढणे सोपे आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. पाळी १ जूनला आली असेल तर अंदाजे तारीख ८ मार्च. एकूण ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस. नेमक्या त्याच दिवशी फार थोड्या बायका बाळंत होतात. दोन आठवडे अलीकडे-पलीकडे होतेच.

सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत हृदयाची धडधड दिसू लागते. तिसरा महिना संपेपर्यंत हात, पाय, बोटे, मुख्य अवयव यांची मांडणी झालेली असते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत मनाने औषधे घेऊ नयेत. दारू आणि तंबाखू तर मुळीच नको, यात मिश्रीही आली. अठरा ते वीस आठवड्यांत आईला बाळाची हालचाल जाणवते. बाळ गर्भजलात तरंगत असते. वार आणि नाळ यांतून त्याला अन्न व प्राणवायू मिळतो. आईचे रक्त आणि बाळाचे रक्त वारेत शेजारी शेजारी वाहते, पण सरळ मिसळत नाही.

दिवस गेल्याचे कळताच आशाताईंकडे नाव नोंदवा. निदान चार तपासण्या कराव्यात: रक्तदाब, वजन, रक्त, लघवी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते, ही योजना २०१६ पासून चालू आहे. लोहाच्या गोळ्या घेतल्याने शौचाला काळी होते, बाळ काळे होत नाही. "कमी खाल्ले की बाळ लहान राहते आणि सुटका सोपी होते" हा समज घातक आहे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला धोका जास्त असतो.

कधी कधी गर्भ टिकत नाही. कळून आलेल्या दर शंभर गर्भांतले दहा ते पंधरा पहिल्या काही महिन्यांत पडतात, आणि बहुतेक वेळा कारण गुणसूत्रांच्या जोडणीतला बिघाड असतो. ना कोणाची नजर, ना बाईने उचललेली घागर, ना देवाची शिक्षा. अशा घरी गेलात तर कारण शोधू नका, शेजारी बसा.

आणि वयाचे काय? कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या, आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. पुढे त्या अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. अठराच्या आत लग्न हा कायद्याने गुन्हा आहेच. पण मुलीचे शरीर त्याआधी बाळंतपणाला तयार नसते, हे त्या कायद्यामागचे साधे कारण आहे.

६. सुटका

बाळंतपणाला आपल्या भाषेत सुटका म्हणतात, ते योग्यच आहे. कळा ठरावीक अंतराने येऊ लागतात आणि वाढत जातात. पहिल्या टप्प्यात पिशवीचे तोंड हळूहळू दहा सेंटिमीटरपर्यंत उघडते, पहिल्या खेपेला त्याला बारा-चौदा तासही लागतात. दुसऱ्या टप्प्यात बाळ बाहेर येते. तिसऱ्यात वार पडते. लोकांना वाटते बाळ रडले की संपले. पण आईला सर्वांत मोठा धोका त्यानंतरच्या तासांत असतो. वार पडल्यावर पिशवी घट्ट आवळली नाही तर रक्त थांबत नाही, आणि थोड्या वेळात जीव जाऊ शकतो. दवाखान्यात त्यावर इंजेक्शन असते, घरी नसते. म्हणून बाळंतपण दवाखान्यातच व्हावे. आपल्याकडून मेहकर गाठायचे म्हटले तरी वेळ जातो, रात्री तर गाडी शोधण्यातच जातो. गाडी कोणाची, पैसे कुठे ठेवलेत, रक्त कोण देणार, हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा. १०८ आणि १०२ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

या खुणा दिसल्या तर वाट पाहू नका: रक्त जाणे, कळांआधी पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणे.

बाळ जन्मले की कोरडे करून आईच्या छातीशी ठेवावे. लगेच आंघोळ नको. पहिल्या तासात अंगावर पाजावे. पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, फेकू नये. ते बाळाचे पहिले संरक्षण आहे. सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीही नको, मध-गुटी नको. नाळेला काही लावू नये. अशा साध्या गोष्टींनी किती फरक पडतो? गडचिरोलीत बंग दांपत्याने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली छापलेल्या अहवालाप्रमाणे तिथले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे काम गावातल्याच शिकवलेल्या बायकांनी केले.

बाळंतपणानंतर पुढच्या गर्भात निदान दोन वर्षांचे अंतर असावे. बाळ फक्त अंगावर पीत असेल, सहा महिन्यांच्या आत असेल आणि पाळी आलेली नसेल, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तोवर दिवस राहण्याची शक्यता फार कमी असते. एकही सुटली की शक्यता वाढते. पाळी येण्याआधी बीज सुटते, म्हणून "अजून पाळी आली नाही" यावर जाऊ नका.

७. पिशवी ही अडगळ नव्हे

शेवटी एक कटू गोष्ट. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांविषयी बातम्या आल्या. पाळीमुळे खाडा झाला की मजुरी कापली जाते, त्यात पांढरे जाण्याचा त्रास, कर्करोगाची भीती, म्हणून ऐन तिशीत पिशवी काढून टाकलेल्या कितीतरी बायका निघाल्या. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली.

कधी कधी पिशवी काढावी लागते, ते मी नाकारत नाही. पण "मुले झाली, आता तिचे काय काम?" असे कोणी म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. बीजकोशही काढले तर कमी वयात पाळी बंद झाल्याचे सारे परिणाम होतात, हाडे ठिसूळ होतात. साध्या औषधाने बरा होणारा आजार शस्त्रक्रियेपर्यंत जातो, कारण तो वर्षानुवर्षे कोणाला सांगितलेलाच नसतो.

घरी बोलण्यासाठी

१. आपल्या मुलीला पहिली पाळी येण्याआधी पाळीविषयी कोण सांगणार? मुलालाही हे कळावे असे तुम्हाला वाटते का?
२. आपल्या घरात पाळीच्या दिवसांत कोणते वेगळे नियम आहेत? त्यांतला कोणता आजपासून सोडता येईल?
३. घरात गरोदर बाई असेल तर तिच्या तपासणीला नवरा शेवटचा कधी गेला होता?

ज्यांना विचारायचे आहे पण बोलायची लाज वाटते, त्यांनी नाव न लिहिता प्रश्न चिठ्ठीवर लिहून चर्चच्या दारातल्या पेटीत टाकावा. बायकांचे प्रश्न मी सिस्टरांकडे देईन. पुरुषांचे प्रश्नही येतील अशी आशा आहे.

राहिल्या आजी. गेल्या रविवारी त्या पुन्हा भेटल्या. हा सगळा हिशेब मी त्यांना समजावून सांगितला होता. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हंजे दोन साल मी तिले उगीच बोलली." मी काही बोललो नाही. मग त्यांनीच विचारले, "मंग आता प्रार्थना कायची करू?" मी म्हणालो, "आजी, सून आणि बाळ दोघंही सुखरूप सुटावीत, एवढीच करा. आणि घरी गेल्यावर तिला एकदा ते सांगा."

सांगितले की नाही ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी मिस्सेनंतर सुनेची चप्पल आजींनी स्वतः वाकून पुढे सरकवली, ते मी पाहिले.

प्रभूत आपला,
धर्मगुरू, जानेफळ